बोटीत काय चढतं ते बघा!



बंदर वाढलं की देश वाढला, असं आपल्याला नेहमी सांगण्यात येतं. किती टन माल चढला, किती कंटेनर उतरले, याचे आकडे मोठ्या अक्षरांत छापून येतात. ते आकडे खोटे आहेत असं आमचं म्हणणं नाही. पण टनाच्या आकड्यात पोटाचा हिशेब दिसत नाही. आम्ही गिरणीत राबणारी माणसं. आमचा सवाल साधा आहे : बोटीत चढतं काय? कापसाची गासडी, सूत, की शिवून तयार झालेला सदरा?

यातला फरक गिरणी कामगाराला शिकवावा लागत नाही. गासडी धक्क्यावरून सरळ बोटीत गेली, तर इथं तिला जिनिंगवाल्याचा आणि हमालाचा तेवढा हात लागतो. तीच गासडी गिरणीत फुटली, तर ब्लो रूम, कार्डिंग, रिंग खातं, वाइंडिंगच्या बाया, साळखातं, रंगखातं, फोल्डिंग आणि पुढं शिलाई, एवढ्या ठिकाणी चुली पेटतात. म्हणून कच्चा माल परदेशी जातो तेव्हा नुसता कापूस जात नाही. त्याच्यावर मिळायची मजुरीही त्याच बोटीतून जाते.

मुंबई बंदराचा इतिहास उघडून बघा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना. मग आपल्या इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुलाब्याला गासड्यांच्या थप्प्या लागल्या, शेठलोकांनी शेअरांचा जुगार मांडला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. कापूस विलायतेला गेला तो गेलाच. पुढं १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, १८७३ साली पोर्ट ट्रस्ट झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक बांधून झाला. धक्के मजबूत झाले. पण सरकारचा डोळा कशावर होता? इथला कापूस झटपट न्यावा आणि विलायती कापड झटपट आणावं, यावर.

गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा चित्र थोडं पालटलं. कावसजी दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीत १८५६ साली सूत निघू लागलं. नंतर मुंबईचं सूत बोटी भरभरून चीनला जाऊ लागलं. मालक खूश होते. पण सूत म्हणजे अर्धा माल. विणायची मजुरी चीनच्या मागावर जात होती. आणि बोटी कुणाच्या? गोऱ्या कंपनीच्या. ती मागेल ते भाडं द्यावं लागे. ही मक्तेदारी मोडायला १८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीशी हात मिळवून मुंबई ते जपान बोट सुरू केली. हेतू चांगला होता. पण त्या वाटेनं गेला काय? मुख्यतः आपला कच्चा कापूस! जपानच्या गिरण्यांनी तो कातला आणि त्याच सुतानं चीनच्या बाजारातून मुंबईला हुसकावलं. आपलीच गासडी आपल्या पोटावर येऊन आदळली.

सरकारनंही वार केला. लँकेशायरच्या मालकांना राजी राखायला १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली. ती उठली कशी, हे प्रत्येक कामगारानं ध्यानात ठेवावं. १९२५ साली मंदीचं निमित्त करून मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. कामगारांनी संप केला आणि अडीच महिने दम धरला. अखेर डिसेंबरात सरकारनं जकात थांबवली, आणि मालकांनी कपात मागं घेतली. मालकांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून होते, ते काम कामगाराच्या उपाशी पोटानं झालं. व्यापाराचं धोरण आपल्या डोक्यावरचं आहे, ते शेठलोकांनी बघावं, असं म्हणणाऱ्याला हा दाखला द्या.

आता बोटींचा हिशेब. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद त्या कंपनीच्या संस्थापकांतले. गोऱ्या कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवायचा घाट घातला, तरी ती टिकली. म्हणून ५ एप्रिल हा देशात सागरी दिन पाळतात. हार घालतात, भाषणं होतात. पण १९८७-८८ साली देशाच्या परदेशी मालापैकी ४०.७ टक्के माल आपल्या बोटी नेत होत्या, तो हिस्सा २०१८-१९ साली ७.८ टक्क्यांवर आला. माल आपला, धक्का आपला आणि भाडं परक्याच्या खिशात. खलाश्याची नोकरी त्याच भाड्यात असते हे विसरू नका.

धक्क्यावरही तेच झालं. पूर्वी आकडा लावून, पाठीवर घेऊन गोदी कामगार माल चढवी. मग कंटेनर आले, आणि २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. अख्ख्या टोळीचं काम एका क्रेनवर आलं. यंत्राला आमचा विरोध नाही, पाठ मोडून घेण्यात कसली मर्दुमकी? पण वाचलेल्या कष्टाचा नफा एकट्या मालकानं का घ्यावा?

आज जपानच्या जागी बांगलादेश आहे. तो आपलं सूत आणि कापूस घेतो, कपडे शिवतो आणि चितगावच्या बंदरातून जगाला विकतो. तिथल्या शिलाई कामगाराशी आमचं वैर नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली, अकराशेहून अधिक कामगार गाडले गेले. ते आपलेच भाऊबंद. स्वस्त मजुरीची शर्यत त्यांनाही मारते आणि आपल्यालाही. आम्हांला त्यांचा घास नको. आम्ही एवढंच म्हणतो, की वऱ्हाडच्या कापसाचा सदरा वऱ्हाडात शिवता येत नाही, असं कुणी सांगू नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६,२०० कोटी रुपये. तिथले मच्छीमार विचारतात, आमच्या समुद्राचं काय? त्यांचा सवाल तो आपला सवाल. त्यांना सोडून आपलं भलं होणार नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या दामासाठी पाच माणसं गमावली, तेव्हा कुठं विकसित जमिनीतला हिस्सा मिळाला. पुन्हा रक्त सांडल्यावरच ऐकणार काय?

आमच्या मागण्या तीन. पहिली : टनांच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा छापा. निर्यातीच्या सवलती घेणाऱ्या मालकानं किती माणसं कायम केली आणि पगार किती दिला, तो. दुसरी : बंदराला कोटी मोजता, मग यवतमाळ, जळगाव, सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी इथं कापूस ते कपडा अशी साखळी उभी करा, नाहीतर नवं बंदर म्हणजे गासड्या बाहेर ओतणारं मोठं नरसाळं. तिसरी : ज्यांची जमीन आणि मासेमारीचं पाणी जातं, त्यांचा हक्क आधी लेखी द्या, मग दगड टाका.

खात्याखात्यांत, चाळीचाळींत हे बोला. पुढारी बंदराचं गुणगान करायला आला, की त्याला एकच विचारा : साहेब, बोटीत चढतं काय, आणि त्यातली मजुरी कुणाला मिळते?