क्षीरान्नाद बालकाचा आहार व आपले कर्तव्य

सुश्रुतांनी बाल्यावस्थेचे तीन भाग सांगितले : वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, पुढे अन्नाद. या मधल्या वर्षात जालना जिल्ह्यातील माता ‘मूल जेवत नाही’ म्हणून आपल्याकडे येतात. चौकशी करता दिवसभर बिस्किटांचा पुडा बालकाच्या हाती असल्याचे कळते. अशा वेळी टॉनिकची बाटली लिहून देणे सोपे. परंतु निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पर्याय घरातच आहेत. तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, भरड नाचणीची लापशी, बी व साल काढलेली आपल्याकडील मोसंबी. शेंगदाणे अख्खे नकोत, घशात अडकतात, कूट द्यावे.

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती. १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहाराच्या जाहिरातीस मनाई आहे. दुकानातील तशी भित्तिपत्रके उतरवावीत. चार बाटल्या कमी खपतील, हे आम्ही जाणतो. पण बालकाचा अग्नी सांभाळला, तर ते कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावर विश्वास ठेवील.