मोहरीएवढी पृथ्वी

शाळेच्या प्रदर्शनासाठी अनेक पालक बाजारातून थर्माकोलची सूर्यमाला विकत आणतात. रंगीत गोळे एका फलकावर शेजारी शेजारी बसवलेले असतात. ही प्रतिकृती देखणी असते. परंतु खरी नसते. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यामधील अंतरे एकाच प्रमाणात दाखवायची, तर ती कोणत्याही फलकावर मावत नाहीत.

खऱ्या प्रतिकृतीसाठी पैसा नव्हे, लांब रस्ता लागतो. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण धरावे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातील एखाद्या रस्त्याच्या टोकाला १४ सेंटिमीटर व्यासाचे पपनस ठेवले, की तो सूर्य झाला. तेथून १५ मीटरवर, म्हणजे सुमारे वीस पावलांवर, मोहरीचा दाणा ठेवावा, ती पृथ्वी. ७८ मीटरवर लहान गोटीएवढा गुरू येतो. मिरीच्या दाण्याएवढा नेपच्यून गाठण्यासाठी मात्र ४५० मीटर, म्हणजे सुमारे सहाशे पावले चालावे लागते. याच प्रमाणात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४००० किलोमीटर दूर, कन्याकुमारीच्याही पलीकडे असेल.

आपले शिक्षण अपुरे राहिले, आपण मुलांना विज्ञान काय शिकवणार, असे काही पालकांना वाटते. ही समजूत योग्य नव्हे. मोहरी आणि मिरी प्रत्येक घरात असतात; पावले मोजणेही सर्वांना येते. मुलांचा हात धरून हा रस्ता चालणारा पालक त्यांना अवकाशाच्या विस्ताराची जाणीव करून देतो आणि स्वतःही शिकतो. विकत आणलेली सूर्यमाला केवळ पाहिली जाते. पावलांनी मोजलेली सूर्यमाला समजते.