ई-सायकल म्हणजे आळशांची सायकल? साफ चूक!

मागच्या आठवड्यात ओपीडीत एक गृहस्थ आले. वय ५४, दिवसभर खुर्चीतलं काम, मधुमेह सात वर्षांचा. रिपोर्ट टेबलावर ठेवता ठेवता हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, रागावू नका, पण बॅटरीची सायकल घ्यावी म्हणतोय. पोरगा म्हणतो, मग सरळ स्कूटरच घ्या की, सायकल चालवल्याचं नाटक कशाला?"

रागावू नका! म्हणजे चोरून वडापाव खाल्ल्याची कबुली द्यावी, तसा त्यांचा चेहरा. मी रागावलो, पण त्यांच्यावर नाही.

ई-सायकलबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, "मोटर आली म्हणजे व्यायाम संपला." दुसरं, "एवढे पैसे घालायचे तर स्कूटर काय वाईट?" पहिलं मत व्यायाम करणारे लोक मांडतात, दुसरं न करणारे. दोघांचंही चुकतं, आणि त्यात सपाटीवर राहणाऱ्यांचं जरा जास्तच चुकतं. मी साताऱ्यात राहतो. इथे सायकलवर बोलायचं तर आधी चढावर बोलावं लागतं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी असेच एक पेशंट माझ्याकडे यायचे. राहायला समर्थ मंदिराच्या बाजूला वर, कामाला पोवई नाक्याजवळ खाली. साखर वाढलेली, पोट सुटलेलं. मी त्यांना मोठ्या अधिकारवाणीनं सांगितलं, "गाडी सोडा, सायकलनं जा." त्या माणसानं खरंच नवी सायकल घेतली. सकाळी उतारावरून झोकात जायचे. संध्याकाळी दमलेल्या अंगानं, डब्याची पिशवी अडकवून, चढ. पहिल्या आठवड्यात चालवत, दुसऱ्यात ढकलत, तिसऱ्यात सायकल गॅलरीत. पुढे तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले, हे त्यांच्या बायकोनं मला हसत हसत सांगितलं होतं. मी केसपेपरवर लिहिलं, "व्यायामात टाळाटाळ." तीन वर्षांनी त्यांना इन्सुलिन सुरू करावं लागलं.

टाळाटाळ त्यांची नव्हती. मी रस्ता न बघता औषध लिहून दिलं होतं.

तो चढ शरीराला किती पडतो, याचा हिशोब मी खूप उशिरा मांडला. सहा टक्के चढ धरा. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सहा मीटर वर. ७५ किलोचा माणूस, सायकल आणि पिशवी मिळून ९५ किलो, वेग ताशी १० किलोमीटर. एवढ्याला सतत सुमारे १८० वॅट ताकद लागते. ऑक्सिजनच्या भाषेत हे नऊ-साडेनऊ मेट होतात. (एक मेट म्हणजे शांत बसल्यावर शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं तेवढा.) ज्यांनी हृदयाची टीएमटी तपासणी केली आहे त्यांना आठवेल, त्या पट्ट्यावर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. नेहमीच्या पद्धतीत तिसऱ्या टप्प्याचा श्रम साधारण एवढाच असतो. पन्नाशीतला, व्यायामाची सवय नसलेला माणूस तिथे पोचतो तेव्हा घामाघूम झालेला असतो, आणि तपासणाऱ्या डॉक्टरची नजर ईसीजीवरून हलत नाही. आणि मी त्या गृहस्थांना हे रोज, एकट्यानं, ट्रॅफिकमध्ये, डब्याच्या पिशवीसह करायला सांगितलं होतं!

आता त्याच चढावर ई-सायकल. तिचं वजन जास्त, म्हणून एकूण लागणारी ताकद थोडी वाढून १९५ वॅटच्या आसपास जाते. त्यातले ११० वॅट मोटरनं दिले तर तुमच्या पायांवर उरतात ८५. म्हणजे साधारण साडेपाच मेट. व्यायामाच्या कोष्टकात तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम श्रम. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं करायला सांगते, तो हाच. मोटरनं तुमचा व्यायाम काढून घेतला नाही, न पेलणारा श्रम पेलेल एवढा केला. गोळी अर्धी करून दिली तर आपण तिला "चीटिंग" म्हणतो का?

युरोपातल्या सात शहरांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ई-सायकल आणि साधी सायकल वापरणाऱ्यांच्या आठवड्याभराच्या एकूण शारीरिक हालचालीत त्यात फारसा फरक दिसला नाही. कारण साधं आहे. ई-सायकलवाले जास्त लांब जातात. आपल्याकडचे रस्ते वेगळे, हवा वेगळी, मान्य. पण जी सायकल रोज बाहेर निघते तिचा व्यायाम गॅलरीतल्या सायकलीपेक्षा जास्त, हे कळायला युरोपात जावं लागत नाही.

राहिला स्कूटरचा मुद्दा. स्कूटर वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण स्कूटरवर तुमच्या मांडीचे स्नायू झोपलेले असतात. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. हा फायदा तुम्हाला ॲक्सिलरेटर पिळून मिळणार नाही.

इथेच माझं दुसरं भांडण सुरू होतं, ते दुकानदारांशी. तुम्ही पन्नाशीचे दिसलात की तुम्हाला हमखास हँडलवर थ्रॉटल असलेली, गियर नसलेली, दिसायला चकचकीत सायकल दाखवतात. "काका, पेडल मारायचीच गरज नाही!" अहो, मग कशाला घ्यायची? मीही पहिल्या खेपेला असलीच घेतली होती. पहिल्याच खऱ्या चढावर तिचा वेग चालण्याइतका झाला, मोटर गरम झाली, आणि एकच जड गियर असल्यामुळे पायांना मदत करता येईना. दुकानदाराचं म्हणणं, "साहेब, ही सिटी रायडिंगसाठी आहे." कुठली सिटी, ते त्यानं सांगितलं नाही.

यामागचं यंत्रशास्त्र समजून घ्या, म्हणजे फसणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या मध्यात असते. चाक फार हळू फिरायला लागलं की अशा मोटरला दिलेली वीज ताकदीऐवजी उष्णतेत जाते. म्हणून चढावर चाकाचा वेग टिकवायचा असतो, आणि तो टिकवायला तुमचे पाय लागतात. पाय भराभर फिरायचे तर हलका गियर हवा. पेडलपाशी मोटर असलेल्या सायकली चढाला सरस, कारण त्यांची ताकद सायकलच्या गियरमधून जाते. पण त्या महाग असतात आणि लहान गावात दुरुस्तीला माणूस मिळत नाही. पहिल्या सायकलीसाठी मी मागच्या चाकातली मोटर आणि किमान सात गियर एवढं पुरेसं मानतो. गियर नसेल तर दुकानातून बाहेर पडा. यावर मी वाद घालत नाही.

गुडघ्यांसाठीसुद्धा गियर हवाच. "सायकलनं गुडघे झिजतात" असं आजही काही जण, आमच्यातलेही काही, सांगतात. उलट गुडघ्याच्या संधिवातात सायकल हा चांगला व्यायाम आहे, कारण शरीराचं वजन सीटवर असतं. गुडघा दुखतो तो जड गियर रेटल्यामुळे आणि सीट खाली ठेवल्यामुळे. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत या हट्टापायी आपण सीट एवढी खाली घेतो की पेडल वर आलं की गुडघा पोटाला लागेल. पेडल सर्वात खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला असावा. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, सीटवर बसून पाय टेकायचे नाहीत. आठवडाभरात जमतं.

मोटर कधी चालू होते, तेही विचारा. स्वस्त सायकलीत सेन्सर एवढंच ओळखतो की पेडल फिरतंय. अर्धा फेरा मारल्यावर मोटर जागी होते, आणि चढावर थांबून पुन्हा निघताना तोच अर्धा फेरा जीव काढतो. टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावताय ते मोजून तेवढ्या प्रमाणात साथ देतो. परवडत असेल तर तोच घ्या. नसेल तर थांबण्याआधी गियर हलका करायची सवय लावा. थ्रॉटल असलेली मिळाली तर या सुरुवातीच्या दोन सेकंदांपुरतीच तिची मदत घ्या.

रेंजच्या आकड्याला भुलू नका. जाहिरातीतली किलोमीटर सपाट रस्त्यावर, हलक्या माणसाची असतात. पण आपला खरा हिशोब इतका भीतीदायकही नाही. तुम्ही आणि सायकल मिळून १०२ किलो, १०० मीटर उंचीचा चढ चढायला सुमारे २८ वॅट-अवर ऊर्जा लागते. निम्मी तुम्ही दिलीत आणि मोटरमधली गळती धरली तरी बॅटरीतून २० च्या आसपास जाते. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २८० वॅट-अवर. रोजच्या आठ-दहा किलोमीटरला ती भरपूर झाली. मोठ्या बॅटरीचे पैसे ब्रेकवर घाला. चढ जिथे असतो तिथे उतारही असतो, आणि पंचवीस किलोची सायकल उतारावर साध्या रबरी ब्रेकला जुमानत नाही. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद व्हायला हवी.

बॅटरी काढून घरात नेता येणारी असावी. कंपनीनं दिलेल्या चार्जरनंच, जागे असताना चार्ज करा, जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत नको. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा लावू नका.

"साहेब, जास्त स्पीडची करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तोवरच तिला लायसन्स, नोंदणी, विमा लागत नाही. त्यापुढे ती कायद्यानं मोटारवाहन होते. कागद नसताना अपघात झाला तर भरपाईचं बघणार कोण? हेल्मेटची सक्ती नसली तरी ते घाला. डोक्याला मार लागलेले पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यातल्या कुणालाही कायद्याची ती सवलत उपयोगी पडली नव्हती.

साडी नेसणाऱ्या काकूंनी, तसंच पाय उचलायला त्रास होणाऱ्या काकांनीही, मधला दांडा खाली असलेलीच सायकल घ्यावी. वयस्क माणसं चालत्या सायकलीवरूनच नाही, चढता-उतरतानाही पडतात. यात "लेडीज सायकल" म्हणून लाजण्यासारखं काही नाही. माझी स्वतःची तशीच आहे.

आता डॉक्टर म्हणून जे सांगायलाच हवं ते. चालताना छातीत दाब येतो, नुकताच हार्ट ॲटॅक किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्तदाब १८०/११० च्या आसपास राहतो, डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा रक्तस्राव झाला आहे, चक्कर येते, यातलं काहीही असेल तर आधी तपासून घ्या, दुकानात नंतर जा. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, तो श्रमाच्या मानानं कमीच वाढतो. दोन वाक्यं सलग बोलता येतात का, एवढंच बघा. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी पडल्यावर डोक्याला मार लागला तर, बरं वाटत असलं तरी, दवाखाना गाठावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. निघताना साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खावं.

त्या गृहस्थांना मी सांगितलं, दुकानाच्या दारातल्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून पैसे देऊ नका. संध्याकाळी, कामावरून दमून आल्यावर, डब्याची पिशवी घेऊन, ट्रायलला तुमच्याच चढावर न्या. मधोमध थांबा आणि पुन्हा निघा. हे करू देत नसेल तर दुकान बदला. ते म्हणाले, "आणि पोरगा?" म्हटलं, त्याला एकदा तुमच्या मागून साध्या सायकलवर येऊ दे.

शनिवारी त्यांचा फोन आला. पहिल्या दुकानानं ट्रायल नाकारली, दुसऱ्यानं दिली. सायकल घेतली, सात गियरची. त्यांची संध्याकाळची गोळी मी सध्या निम्मी केली आहे. पंधरा दिवस रोज घरी पोचल्यावर साखर तपासून वहीत लिहायला सांगितलंय, त्यावरून पुढचा डोस ठरेल.