संगणकाचे अपडेट अडले तर



आता गावोगावी पुष्कळ घरांत संगणक आला आहे. मुलांचे प्रवेशाचे कागद, सातबाराच्या प्रती, दुधाचा व खतांचा हिशेब, लग्नकार्याचे फोटो हे सारे त्यात असते. म्हणून विंडोजचे अपडेट अर्ध्यावर अडले की घरात घबराट होते आणि कोणीतरी सांगतो, "फॉरमॅट मारून टाका." फॉरमॅट म्हणजे उभे पीक नांगरून टाकणे. तो उपाय अगदी शेवटचा.

विहिरीवरची मोटार चालली नाही म्हणून आपण लगेच पंप वर काढत नाही. आधी फ्यूज पाहतो, तिन्ही फेज आहेत का पाहतो, मग फूटव्हॉल्व्हकडे वळतो. येथेही तोच क्रम ठेवावा.

१. थांबावे. टक्क्यांचा आकडा जागचा हलत नसला तरी संगणकाचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. जुन्या संगणकाला दोन-तीन तासही लागतात. मध्येच वीज गेली तर फायली अर्धवट लिहिल्या जातात. म्हणून भारनियमनाची वेळ पाहूनच अपडेट सुरू करावे. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, मोठा संगणक यूपीएसवर असावा.

२. खूप वेळ वाट पाहूनही काहीच हालचाल नसेल तर चालू-बंदचे बटण दहा सेकंद दाबून धरावे व संगणक पुन्हा सुरू करावा. पुष्कळदा विंडोज केलेले बदल आपणच मागे घेते. ते पुरे होऊ द्यावे.

३. जागा पाहावी. दोषाच्या खुणेत शेवटी ८००७००७० हे आकडे असतील तर डिस्कवर जागा कमी आहे. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज या वाटेने तात्पुरत्या फायली काढाव्यात. त्या यादीत 'डाउनलोड्स'वर खूण असल्यास ती आधी काढावी, नाहीतर कामाचे कागदही जातील. मोठ्या अपडेटसाठी वीसेक जीबी जागा मोकळी असलेली बरी.

४. तारीख-वेळ बरोबर आहे का पाहावे. पेन ड्राइव्ह व प्रिंटर काढून ठेवावेत. इंटरनेट मोबाइलवरून घेत असाल आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू असेल तर मोठी अपडेट उतरतच नाहीत. मग सेटिंग्जमधील ट्रबलशूटर चालवून पुन्हा प्रयत्न करावा.

५. संगणक सुरूच होत नसेल तर दोन-तीनदा अडल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा बहुधा आपोआप येतो. तेथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडून शेवटचे अपडेट काढता येते. 'रीसेट' करण्याची वेळ आलीच तर 'कीप माय फाइल्स' निवडावे. त्यात फायली राहतात, पण हिशेबाचे प्रोग्रॅम पुन्हा घालावे लागतात. पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली तर ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

विंडोज १० असलेल्यांनी एक ध्यानात घ्यावे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर नेहमीची अपडेट आली नाहीत तर तो बिघाड नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती आपल्या संगणकात आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

"आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमचा संगणक बिघडला आहे," असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कंपनी असे आपणहून फोन करीत नाही, आणि तिच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. कोणी फसलेच तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. कागदपत्रांची व हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि दर महिन्याला ती ताजी करावी. मग अपडेट अडले तरी घरातले काही जाणार नाही.