गादी एक, कामे अनेक

विलायतेतील राजघराणे आटोपशीर असावे, असे राजे चार्ल्स ह्यांच्या मनात फार दिवस होते म्हणतात. ते आटोपशीर झाले खरे; पण योजनेपेक्षा नाइलाजाचाच भाग त्यात अधिक. बंधू अँड्र्यू २०१९ साली कामातून बाजूला झाले, धाकटे चिरंजीव हॅरी २०२० साली. आणि २०२४ साली खुद्द राजे व थोरल्या सूनबाई एकाच वेळी कर्करोगाच्या उपचारांत गुंतल्यावर उरलेल्या थोड्या माणसांवर सारा भार आला. राजांच्या गैरहजेरीत त्यांचे काम कोणी चालवावे, एवढ्यासाठी पार्लमेंटाने २०२२ साली कायदा करून भगिनी ॲन व बंधू एडवर्ड ह्यांची नावे यादीत घातली होती. माणसे थोडी झाली म्हणजे वाटणी अशी कागदावर आणावी लागते.

आमच्या कोल्हापुरास असा कागद नाही. १९४९ च्या मार्चात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९७१ साली तनखेही गेले. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने छत्रपती तुमच्याआमच्यासारखेच नागरिक होत. पण विजयादशमीच्या सायंकाळी दसरा चौकात जाऊन पाहावे. अंबाबाईची व भवानीची पालखी आलेली असते, जुन्या मेबॅक मोटारीतून श्रीमंत शाहू छत्रपती उतरतात, शमीपूजन होते, आणि मग लोक सोने लुटण्यास धावतात. त्या गर्दीत कोणत्या पक्षाचा मनुष्य नसतो? हे काम दुसऱ्या कोणास वाटून देता येण्याजोगे नव्हे. तेथे गादीच उभी असावी लागते.

बाकीची कामे वाटता येतात, व ती बरीचशी आपोआप वाटली गेलीही आहेत. थोरले चिरंजीव संभाजीराजे ह्यांनी रायगडावरील ६ जूनचा राज्याभिषेक सोहळा आपला मानला आणि दुर्गसंवर्धनाचे काम अंगावर घेतले. धाकटे मालोजीराजे फुटबॉलमध्ये रमले. आणि ज्या गावात तालमी-तालमींचे संघ मैदानावर उतरले की बाजारपेठ ओस पडते, तेथे ही जबाबदारी हलकी समजू नये.

अडचण निवडणुकीची आहे. मालोजीराजे २००४ साली विधानसभेवर निवडून आले व २००९ साली पडले. त्याच साली संभाजीराजे लोकसभेस उभे राहिले, त्यांचा सदाशिवराव मंडलिकांनी पराभव केला. पुढे २०१६ ते २०२२ ते राष्ट्रपतिनियुक्त सभासद म्हणून राज्यसभेत होते. इथवर पुत्रांची गोष्ट झाली. २०२४ साली मात्र स्वतः शाहू छत्रपती, वयाची ७६ वर्षे उलटलेली असता, काँग्रेसतर्फे लोकसभेस उभे राहिले आणि सदाशिवरावांचेच पुत्र संजय ह्यांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवून निवडून आले. वर्ष सरण्यापूर्वीच धाकट्या सूनबाई मधुरिमाराजे ह्यांची विधानसभेची उमेदवारी जाहीर झाली व अखेरच्या घटकेस मागे घेतली गेली. आणि त्याच निवडणुकीत थोरले चिरंजीव आपला स्वतंत्र पक्ष घेऊन रिंगणात होते. एका घरात इतके मार्ग!

निवडणूक लढविण्याचा त्यांचा हक्क कोणीही नाकारणार नाही, आणि विजय तर दणदणीत होता. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्याने मे महिन्यात विरुद्ध मत टाकले, त्यास आश्विनात सोने देताना मनात किंचितही संकोच वाटू नये. तो वाटला, तर चौकातील ते एकमेव अविभाज्य काम उणे होते. म्हणून घरातील एकानेच राजकारण करावे, ते मोकळेपणी करावे, आणि गादीवरील व्यक्तीने पक्षाची पताका हाती घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

ह्यावर कोणी राजर्षी शाहू महाराजांचा दाखला देतील. २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवताना त्यांनी वादाची भीती कुठे बाळगली? आक्षेप बिनतोड आहे. आमच्या वाचकांतील पुष्कळांच्या आजोबांनी त्या हुकुमावर किती कडवटपणे लिहिले-बोलले, हे घरोघरी ठाऊक आहे. परंतु तो हुकूम महाराजांचा स्वतःचा होता, पक्षाने दिलेला नव्हता. म्हणूनच ६ मे २०२२ रोजी त्यांच्या स्मृतिशताब्दीस कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले, तेव्हा त्यात कोण कोणत्या पक्षाचा हे पाहिले गेले नाही.

वाटणीत स्त्रियांचा भाग कोणता, ह्याची चर्चा क्वचितच होते. १९१८ साली पुत्र शिवाजी अकाली गेल्यावर महाराजांनी तरुण विधवा स्नुषा इंदुमतीदेवींस पडद्याआड न बसविता शिक्षणास लावले, तेही इतर मुलींच्या सोबतीने. आज घरात दोन कर्त्या सुना आहेत. त्यांच्या नावे उमेदवारीच्या अर्जाखेरीज आणखी एखादे कायमचे खाते, मुलींच्या शिक्षणाचे म्हणा, जाहीरपणे लिहिले गेले तर आम्हांस आनंद होईल.