एकला कशाला आलास?

आपल्या मध्यमवर्गीय संसारात एकांत ही मोठी चैनीची वस्तू आहे. चार माणसांत असलो की ती हवीशी वाटते, आणि मिळाली की चार माणसांना सांगावीशी वाटते! गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला या चैनीची लहर आली. घरात फराळाचे डबे भरले जात असताना मी दोन दिवसांची रजा काढली. एक लहानशी राहुटी आणि मासे धरायचा गळ घेऊन निघालो. पालघरला गाडी सोडली, मनोरवरून एस.टी.ने विक्रमगड गाठले आणि तेथून पुढे सूर्या नदीच्या काठी गेलो. तिकडच्या एका वारली पाड्यावर चार घरे माझ्या ओळखीची आहेत. त्यांना विचारून नदीच्या वळणावर राहुटी ठोकली.

गळ टाकून बसतो न बसतो तोच पाड्यावरचे म्हातारबाबा शेजारी येऊन बसले. त्या मुलखात लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"एकला कशाला आलास? घरात भांडण झाला का?"

"नाही बाबा, जरा शांत बसायला आलो."

बाबांना हे काही पटलेले दिसले नाही. त्यांनी माझा चकचकीत गळ उलटसुलट पाहिला, बाजूला ठेवला आणि आपली बांबूची काठी माझ्या हाती दिली. दोऱ्याला मोरपिसाच्या देठाचा तरंगा, आकड्याला गांडूळ. मग त्यांनी मला उठवून जागा बदलायला लावली. माझी सावली पाण्यावर पडत होती, आणि सावली हलली की मासा पळतो. सूर्य समोर घेऊन बसल्यावर तासाभरात वीतवीतभर चार मासे मिळाले. बाबांनी मात्र शेवाळाच्या कडेने गळ फिरवून एक चांगली हातभर मरळ काढली. मीठ-मिरची लावून, पानांत गुंडाळून ती निखाऱ्यावर भाजली. तोवर बाबांची दोन नातवंडे आली, शेजारचे तिघे आले, नव्या तांदळाच्या भाकरी आल्या. माझा एकांत असा जेवणाआधीच संपला.

दुसऱ्या दिवशी वाघबारस होती. रात्री अंगणात तारपा निघाला. वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. एवढ्या घरगुती वस्तूंतून निघणारा तो घुमारा ऐकून अंगावर काटा येतो. बाबांचे गाल फुगलेले, आणि सूर घटकाभरही तुटत नव्हता. कारण गालांतली हवा नळीत जात असतानाच माणूस नाकाने नवा श्वास भरून घेत असतो. लहानपणापासून शिकल्यावाचून हे साधत नाही. वाजवणारा मध्ये, आणि हातात हात गुंफून बाकीचे त्याच्याभोवती. सूर बदलला की पावले बदलतात, पण तारप्याकडे पाठ कुणी करीत नाही.

मी बाजूला बसून पाहत होतो. बाबांनी नळी तोंडातून काढून मला हाक मारली आणि फेऱ्यात दोघांच्या मधली एक जागा दाखवली.

"तिथं उभा राहा. पोराची जागा आहे."

त्यांचा मुलगा वसईकडे वीटभट्टीवर गेला होता. उचल आधीच घेतलेली, म्हणून मुकादम थांबायला तयार नव्हता. तारपा वाजवणारा बाबांनंतर घरात तोच. बारशीच्या रात्री त्याची जागा मोकळी राहू नये म्हणून मुंबईचा पाहुणा तिथे उभा राहिला. माझ्या उजव्या हातात त्याच्या बायकोचा हात होता, डाव्या हातात त्याच्या मुलाचा. तो पोरगा मला मान वर करून पावले शिकवीत होता.

वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आणणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांच्या चित्रांतला तारप्याचा फेरा आज आपल्या दिवाणखान्यात, पडद्यांवर, पणत्यांवरसुद्धा दिसतो. चित्रातली जागा कधी मोकळी पडत नाही. पाड्यावर मात्र दिवाळी सरली की घरामागून घर कुलूपबंद होते. सूर्येचे पाणी वसई-विरारच्या नळांना जाते. तिच्या काठची माणसेही त्याच वाटेने विटा थापायला आणि इमारती बांधायला जातात. पाणी तिकडेच राहते. माणसे पावसाआधी भातासाठी परत येतात, आणि जेवढी येतात तेवढाच पुढच्या दिवाळीचा फेरा मोठा होतो.

निघताना बाबांनी दोनच गोष्टी सांगितल्या. येत्या बारशीला ये. आणि एकला येऊ नको, घरची माणसे घेऊन ये. या वर्षी आम्ही चौघे जात आहोत. पोरगा आला असेल तर त्याची जागा त्याची. आम्ही बाहेर बसून ऐकू.