तीन मुलांचे मौन

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्राम मंडळाच्या सभेत एक सूचना आली. ‘यहोवाचे साक्षीदार’ घरोघर फिरून आपल्या लोकांची श्रद्धा डळमळीत करतात, तेव्हा त्यांना गावात मज्जाव करणारा फलक वेशीवर लावावा व तसे प्रवचनपीठावरून जाहीर करावे. मी नकार दिला. त्या पंथाची शिकवण मला सर्वथा चुकीची वाटते, हे येथेच स्पष्ट करतो. तरीही काहींच्या मते मी कचखाऊ ठरलो.

त्या बंधूंना मला केरळची एक हकिगत सांगावयाची आहे. कोट्टायम जिल्ह्यातील एका शाळेत दहावी, नववी व पाचवीत शिकणारी तीन भावंडे याच पंथाची होती. राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहत. मात्र गात नसत. त्यांची श्रद्धा तशी परवानगी देत नव्हती. त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. पुढे एका आमदारांच्या नजरेस ही गोष्ट आली आणि प्रश्न विधानसभेत गेला. चौकशी झाली, मुले सुशील आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अवमान केलेला नाही असा निर्वाळाही मिळाला, आणि तरीही जुलै १९८५मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले! केरळ उच्च न्यायालयानेही त्यांना दाद दिली नाही.

येथे जरा थांबावे. ते आमदार लोकांनी निवडून दिलेले होते. लोकभावनाही बहुधा त्यांच्याच बाजूची असणार. डोकी मोजणे एवढाच लोकशाहीचा अर्थ असेल, तर त्या मुलांचा पराभव न्याय्यच म्हणावा लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने तसे मानले नाही. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गायलेच पाहिजे असा कायदाच नाही. १९७१चा कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा करतो, गप्प उभ्या राहणाऱ्याला नव्हे. कलम १९ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि कलम २५ने दिलेले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य या दोहोंचा भंग झाला, असा हा निर्णय. मुलांची श्रद्धा न्यायाधीशांना पटते की नाही, हा प्रश्नच नव्हता. ती प्रामाणिक आहे की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

नेमके हेच आपल्याला जड जाते. आपल्याला पटेल तेवढेच मत आपण ‘विचार’ मानतो, बाकीचे सारे ‘भावना दुखावणारे’! २००६ साली ‘द दा विंची कोड’ या चित्रपटावर बंदी घालावी म्हणून मीही उत्साहाने सह्या गोळा केल्या होत्या. तरुण धर्मगुरू होतो. चित्रपट पाहिलाही नव्हता. गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली, आंध्र प्रदेशातील बंदी मात्र तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. तेव्हा मला राग आला होता. आज वाटते, न्यायालयाने माझेच भले केले. कारण दुखावलेल्या भावना हा बंदीचा पुरेसा आधार ठरला, तर आपली प्रार्थनासभा, आपले नियतकालिक, रुग्णांना भेटायला दारोदार जाणाऱ्या आपल्या सिस्टर्स यांच्यामुळे भावना दुखावल्या म्हणणारे शेजारी उद्या कमी पडणार नाहीत. वेशीवरच्या फलकाला आज आपण मान्यता दिली, तर पुढच्या गावच्या वेशीवर आपले नाव लिहिणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

‘पण सत्याला आणि असत्याला सारखेच अधिकार कसे?’ असे एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले. प्रश्न जुना आहे, आणि त्यावर पूर्वी ख्रिस्तसभाही अडखळली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला, तेव्हा हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेवर उभे केले. मत चुकले म्हणून माणसाची प्रतिष्ठा जात नाही. ज्याला त्या प्रचारकांशी बोलावयाचे नाही, त्याने आपले दार खुशाल लावून घ्यावे. शेजाऱ्याचे दार लावण्याचा अधिकार त्याला नाही, आणि मलाही नाही.

सूचना पुढील सभेत पुन्हा येणार आहे, असे ऐकतो. जरूर यावी. धर्मगुरूसमोर कसे बोलावे, या संकोचाने मागच्या वेळी बरेच जण गप्प बसले आणि फाटकाबाहेर जाऊन बोलले. धर्मग्रामाच्या हिताविषयीचे आपले मत धर्माधिकाऱ्यांना सांगण्याचा श्रद्धावंतांना अधिकार आहे, प्रसंगी ते कर्तव्यही आहे, असे १९८३च्या धर्मसंहितेचे कलम २१२ म्हणते. माझ्या विरोधात जे बोलाल, ते इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवण्यास मी चिटणीसांना सांगितले आहे.